माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे

नमस्कार. आयोजकांनी विषयाचं नाव भारदस्त ठेवलंय: 'दीर्घकालीन व गुंतागुंतीच्या आजारांच्या बालकांसाठी समन्वित वैद्यकीय सेवा'. एवढं वाचूनही तुम्ही आलात. म्हणजे एकतर असं मूल तुमच्या घरात आहे, किंवा तुम्ही डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट आहात, किंवा या सभागृहाचा एसी चांगला आहे. तिन्ही कारणं मला मान्य आहेत. समन्वय म्हणजे नक्की काय करायचं याचे माझे तीन मुद्दे आहेत, ते शेवटी सांगतो. त्याआधी एका वाक्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे, तेवढी ऐकून घ्या. माझ्या विद्यार्थ्यांनी ती अनेकदा ऐकलेली आहे. मागच्या रांगेत दोघं आत्ताच हसलेत.

ते वाक्य असं: 'माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे.'

कोणती मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा सांगतो. सर्दी-तापाची मुलं नव्हेत, नुसत्या दम्याचीही नव्हेत. एकाहून जास्त अवयवांना कायमचा त्रास, चालण्या-बोलण्या-गिळण्यावर मर्यादा, घरात पंप, नळी, कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, आणि वर्षातले कित्येक दिवस रुग्णालयात. ही मुलं संख्येनं थोडी आहेत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा हिशोब प्रसिद्ध आहे: तिथे एक टक्क्याहूनही कमी मुलांवर बालआरोग्याच्या एकूण खर्चातला जवळपास तिसरा हिस्सा जातो. म्हणजे माणुसकी क्षणभर बाजूला ठेवा, नुसते हिशोबनीस म्हणून बघितलंत तरी हा विषय अडगळीत टाकण्यासारखा नाही.

तर, एका रुग्णालयात (नाव विचारू नका, सांगणार नाही) सात-आठ वर्षांच्या एका मुलीसाठी बैठक बोलावली होती. जन्माच्या वेळी मेंदूला इजा, त्यातून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवरचा ताबा कायमचा बिघडलेला. आकडीचा त्रास. गिळता येत नाही म्हणून पोटात नळी. छातीत सतत कफ. खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतोय. नजर कमी. आणि ही मुलगी फार वेळा ॲडमिट होतेय, न्यूमोनियानं. म्हणून सगळ्यांना एका खोलीत आणलं. ही गोष्टच दुर्मिळ. आठ विशेषज्ञांच्या डायऱ्या जुळवणं हे कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा अवघड काम आहे, आणि ते त्या वॉर्डच्या क्लार्कनं केलं होतं. त्याचं नाव इतिवृत्तात नव्हतं, अर्थातच.

बैठक सुरू झाली. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, आकडी आटोक्यात आहे, माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे. पोटाचे डॉक्टर म्हणाले, वजन वाढत नव्हतं म्हणून सकाळचं फीड, म्हणजे नळीतून द्यायचं अन्न, वाढवलं, आता वजन वाढतंय, माझ्या बाजूनं ठीक. छातीचे डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी कफ मोकळा करायला सांगितलाय, आई मन लावून करतात, माझ्या बाजूनं ठीक. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, परत खाली ठेवला, सहा महिन्यांनी पुन्हा काढू म्हणाले, त्यांच्याही बाजूनं ठीक. डोळ्यांचे डॉक्टर आलेच नव्हते, त्यांनी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठीतही तेच.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई बसली होती, मांडीवर ही एवढी जाड फाइल. अध्यक्षांनी शिष्टाचार म्हणून विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? ती म्हणाली, "सगळ्यांच्या बाजूनं ठीक आहे, तर ही सारखी ॲडमिट का होते?" आणि मग फाइलमधून तिनं एक कागद काढला. प्रत्येक डॉक्टरांनी रोज काय काय करायला सांगितलंय त्याची वेळ मांडून बेरीज केली होती. फीड पंपानं हळूहळू द्यायचं, त्याचे तास. औषधांच्या वेळा. नेब्युलायझर. कफ काढणं. हातापायांचे व्यायाम. उभं राहण्याच्या स्टँडमध्ये तासभर. स्पीच थेरपीचा गृहपाठ. दृष्टीचे व्यायाम. पाठीवर झोपवू नका, आणि रात्री दर काही तासांनी कूस बदला. बेरीज सत्तावीस तास. "आणि यात तिची झोप धरलेली नाही," ती म्हणाली, "माझी तर नाहीच."

खोलीतले लोक वाईट होते असं नाही. प्रत्येकाचा सल्ला बरोबर होता, त्यांच्या पुस्तकात बघून घ्या. पण बेरीज कुणी केली नव्हती, कारण बेरीज करणं हे कुणाच्याच बाजूत येत नव्हतं.

पुढचं ऐका. मागे उभ्या असलेल्या सिस्टरनी एकच प्रश्न विचारला: "ताई, कफ काढायला तिला किती वाजता आडवी करता?" आई म्हणाली, साडेसातला. "आणि फीड?" सातला सुरू होतं. बघा आता. पोटाच्या डॉक्टरांनी सकाळचं फीड वाढवलेलं, छातीच्या डॉक्टरांनी सकाळीच छाती थोपटायला सांगितलेलं. भरल्या पोटी मूल आडवं करून थोपटलं की उलटी होणार, आणि ज्या मुलाला गिळता येत नाही त्याची उलटी फुफ्फुसात जाणार. दोन बरोबर सल्ले एकाच तासात बसले आणि न्यूमोनिया तयार झाला. कफ काढायचा तो फीडच्या आधी, किंवा नंतर बराच वेळ सोडून, हे प्रत्येक फिजिओथेरपिस्टला ठाऊक असतं. पण फीड किती वाजता बदललं हे त्यांना कुणी कळवलं होतं? वेळापत्रक बदललं. न्यूमोनिया कायमचा थांबला असं मी सांगणार नाही, अशा मुलांच्या बाबतीत कायमचं असं काही नसतं. कमी झाला. खर्च शून्य.

ही एकच गोष्ट धरून बसलाय म्हणाल, म्हणून आणखी दोन सांगतो, वेगळ्या जातीच्या. आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असलेलं मूल गंभीर जंतुसंसर्गानं आयसीयूत येतं. तिथे मेरोपेनेम सुरू होतं, चांगलं प्रतिजैविक आहे. पण ते व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एका दिवसात खाली आणतं, आणि व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवूनही ती धड वर येत नाही. संसर्गाच्या डॉक्टरांच्या बाजूनं ठीक, जंतू मरतोय. तिसऱ्या दिवशी मुलाला आकडीवर आकडी.

दुसरी गोष्ट कीटोजेनिक आहाराची. आजकाल वजन उतरवायला लोक 'कीटो' करतात आणि त्याचे फोटो टाकतात. त्यांच्या माहितीसाठी, हा आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी आकडीसाठी मांडला. मुलांमध्ये त्याचं जुनं प्रमाण चारास एक: चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ, तर प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही मिळून एक ग्रॅम. आई तोलून-मापून जेवण करते. आणि एका रात्री ताप येतो, कॅज्युअल्टीत गोड सिरप मिळतं, शिरेतून ग्लुकोजचं सलाइन लागतं. आई म्हणते, हिला साखर चालत नाही. उत्तर मिळतं, "एवढ्याशा साखरेनं काय होतंय?" होतं. कित्येक महिन्यांची मेहनत त्या एका रात्रीत मोडते आणि आकडी परत येते.

तिन्ही ठिकाणी धोका कुणाला दिसला? किंवा दिसला असता? सगळी फाइल जिच्याकडे आहे तिला. आपण समन्वय नाही, समन्वय नाही म्हणून ओरडतो, ते खरं नाही. समन्वय आहे. तो आई करते, बिनपगारी, प्रशिक्षणाशिवाय, रात्री अकरानंतर. आणि मग आपण कार्यक्रमात तिला व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवतो. टाळ्यांना बजेट लागत नाही.

पालकांच्या जिद्दीबद्दल मला आदर नाही असं समजू नका. फिलाडेल्फियातला जॉन होल्टर हा कुलपं बनवणाऱ्या कंपनीतला तंत्रज्ञ होता. त्याच्या मुलाच्या मेंदूत पाणी साठत होतं. ते काढायच्या नळीची झडप नीट चालत नाही हे त्यानं पाहिलं आणि यूजीन स्पिट्झ या सर्जनबरोबर बसून सिलिकॉनची झडप घडवली. १९५६ मध्ये ती वापरात आली आणि पुढे असंख्य मुलांना तिचा उपयोग झाला. अद्भुत माणूस. पण ही गोष्ट ऐकवून 'बघा, पालकांनी मनात आणलं तर' असं म्हणणारे लोक मला भेटतात. अहो, होल्टरकडे कार्यशाळा होती! प्रत्येक बाप व्हॉल्व बनवेल अशा भरवशावर यंत्रणा उभी करता येत नाही.

फाइलवरून आठवलं. डिस्चार्ज कार्डावर 'औषधे पूर्वीप्रमाणे चालू ठेवावीत' असं लिहिणाऱ्या माणसाला एकदा तरी मध्यरात्री, अनोळखी कॅज्युअल्टीत, झोपेतून उठवून विचारलं पाहिजे की पूर्वीप्रमाणे म्हणजे काय. आणि पातळ औषध 'पाच मिली' लिहिणाऱ्यालाही. एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या ताकदीची येतात. दुकानदारानं दुसरी बाटली दिली तर पाच मिली पाचच राहतात, डोस दुप्पट होतो. मिलिग्रॅम लिहा, सोबत मिली लिहा, बाटलीची ताकदही लिहा. हे मी हस्ताक्षराबद्दल बोलतच नाहीये. हस्ताक्षरावर वेगळं व्याख्यान आहे, ते तीन तासांचं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्षांनी 'दहा'खाली दोन रेघा मारल्यात. ठीक आहे, मुद्द्यांवर येतो, भरभर.

समन्वयाची कल्पना नवी नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं 'मेडिकल होम' हा शब्दप्रयोग १९६७ मध्ये केला, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की अशा मुलाच्या सगळ्या नोंदी एका जागी असाव्यात. पुढे हवाईमध्ये कॅल्विन सिया या बालरोगतज्ज्ञांनी त्याला नोंदींच्या पलीकडे नेलं: मुलाला एक ठिकाण हवं, तिथली माणसं त्याला ओळखणारी हवीत. उपयोग होतो का? ह्यूस्टनमध्ये जास्त धोक्याच्या २०१ मुलांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिक वाटप करून अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्याला एकाच दवाखान्यात ओळखीचे डॉक्टर, तिथेच विशेषज्ञांची भेट, आणि दिवसरात्र फोन उचलणारा माणूस. दुसऱ्या गटात मृत्यू, आयसीयू किंवा आठवड्याहून लांब मुक्काम असा गंभीर आजार निम्म्याहून कमी झाला. दर मुलामागे वर्षाचा खर्च पहिल्या गटात २६,७८१ डॉलर, दुसऱ्यात १६,५२३. सगळीकडे असा निकाल लागत नाही, हेही सांगतो. नुसतं 'समन्वय कक्ष' अशी पाटी लावून लागत नाहीच.

माझा पहिला मुद्दा: नाव असलेला एक माणूस. विभाग नको, समिती तर नकोच. डॉक्टर असण्याचीही गरज नाही, अनुभवी नर्स उत्तम. तिच्या आठवड्यातले ठराविक तास याच कामाला राखलेले, त्याचा पगार, ती रजेवर असेल तर बदली कोण ते लिहिलेलं. 'सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवू' म्हणणारी टीम मला दाखवू नका.

दुसरा मुद्दा, कागद. पूर्ण फाइल नव्हे. अनोळखी डॉक्टरला दोन मिनिटांत वाचता येईल असा सारांश: निदानं, वजन, औषधं मिलिग्रॅममध्ये, नळ्या कोणत्या आणि किती मापाच्या, काय अजिबात द्यायचं नाही, हिचं 'नेहमीचं' कसं असतं, आणि फोन कुणाला करायचा. अमेरिकेत बालरोग आणि आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनांनी १९९९ मध्ये असा फॉर्मच तयार केला. फॉर्म फुकट मिळतो. औषध बदललं की त्याच दिवशी कागद बदलायचा, त्याला मात्र पहिल्या मुद्द्यातला माणूस लागतो.

तिसरा, बेरीज. कुणीही नवा सल्ला दिला की विचारायचं, हा दिवसाच्या कोणत्या तासात बसणार आणि त्यासाठी जुनं काय काढणार? यातच भूल देण्याचं येतं. एमआरआयला भूल, दातांना भूल, श्रवण तपासणीला झोपेचं औषध, तीन तारखा, तीन वेळा उपाशी ठेवणं, तीन वेळा धोका. एका भुलीत जमतं का हे विचारायला एक फोन लागतो. आणि कुटुंबाला काय हवंय ते आधी विचारा. एका वडिलांना चालण्याच्या शस्त्रक्रियेत रस नव्हता. मुलानं रात्री सलग झोपावं, एवढंच हवं होतं. ते आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

चौथा मुद्दा नव्हता, पण आत्ता आठवला. ही मुलं आता मोठी होतात, आणि अठराव्या वर्षी बालरोग विभागाचं दार बंद होतं. अमेरिकेतल्या संघटनांची २०११ ची शिफारस अशी की या बदलाबद्दल बोलणं बाराव्या ते चौदाव्या वर्षीच सुरू करावं. प्रत्यक्षात ते शेवटच्या भेटीत, उभ्या उभ्या होतं. निदान एक भेट तरी दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकत्र घ्यावी, आणि पहिला नवा डॉक्टर प्रत्यक्ष भेटेपर्यंत जुन्या डॉक्टरनं फोन उचलत राहावं.

अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न घेऊ. पण आधी पालकांचे, डॉक्टरांचे त्यानंतर. आणि डॉक्टरांनी प्रश्नच विचारावा, आपल्या विभागाचा अहवाल देऊ नये.