बातमीदाराची वही

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कोर्टाच्या बातम्या देणाऱ्याला ती रोज चढावी लागते. हे गोव्यातल्या मेरशीचं जिल्हा न्यायालय. आत कॅमेरा जात नाही, जाते ही वही. डाव्या पानावर वकील काय म्हणाले, उजव्या पानावर न्यायाधीश काय म्हणाले. एका नावाभोवती वर्तुळ आहे, बाजूला लिहिलंय: 'आडनाव तपासणे'.

बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं होती, २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद. भरपाईसाठी दिवाणी दावा असताना तुरुंग कशाला, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये न्यायालयानं कायदा वैध ठरवला. प्रश्न आम्हाला अजून सुटलेला वाटत नाही.

या कायद्याला दहा अपवाद आहेत. त्यातला एक या वहीचा: न्यायालयाच्या कामकाजाचा मूलतः खरा वृत्तांत छापणं ही बदनामी नव्हे. वकिलानं आत केलेला आरोप वृत्तांतात बसतो. पण तोच वकील याच पायऱ्यांवर माईकसमोर बोलला, की हा अपवाद उपयोगी पडत नाही. मग छापलेलं खरं होतं आणि लोकहिताचंही होतं, हे दोन्ही दाखवावं लागतं. नुसतं खरं असून भागत नाही.

मांडवी ओलांडली की पर्वरी. ही विधानसभा. सभागृहातल्या कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला घटनेच्या ३६१-अ कलमाचं संरक्षण आहे, मात्र त्यामागे द्वेषबुद्धी नसावी. शेजारच्या महाराष्ट्रात १९८४ साली 'लोकमत'नं मंत्र्यांचं सभागृहातलं उत्तर छापलं आणि मुख्य संपादकांवर खटला भरला गेला. सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, १९९८ मध्ये. समन्स, जामीन, तारखा, वकिलाची फी: निर्दोष माणसालाही हे चुकत नाही.

रात्रीचे साडेदहा. उपसंपादकाच्या पडद्यावर मथळा आहे: 'लाचखोर अधिकाऱ्याला जामीन'. वहीत 'लाचखोर' कुठेच नाही. तो शब्द पुसला जातो. 'लाचेचा आरोप असलेल्या अधिकाऱ्याला जामीन'. मथळा एका ओळीत मावत नाही. दुसरी ओळ घेतली जाते, खालच्या जाहिरातीला थोडं सरकवून.