पिवळे कार्ड आणि अठ्ठेचाळीस तास

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून जुलै २०१९ मध्ये दुबईची थेट विमानसेवा सुरू झाली आणि परदेशी फिरायला निघालेल्या माळव्यातल्या कुटुंबांचा मुंबई किंवा दिल्लीचा फेरा प्रथमच वाचला. ही सोय वर्षभरही टिकली नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी दुबईचे विमान पुन्हा सुटू लागले, तेव्हा पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट एवढ्यावर प्रवास होत नव्हता.

संयुक्त अरब अमिरातीने पर्यटकांसाठी लसीकरण पूर्ण झाल्याची अट घातली होती. त्याशिवाय ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागे आणि त्यावर मूळ अहवालाशी जोडलेला क्यूआर कोड असावा लागे. शिवाय विमान सुटण्यापूर्वी सहा तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर चाचणी करावी लागे, आणि दुबईत उतरल्यावर पुन्हा एक. यातले ४८ तास नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजले जात. अहवाल हाती केव्हा आला याला महत्त्व नव्हते. म्हणजे प्रयोगशाळेने अहवालाला एक दिवस घेतला, तर त्या मुदतीतला निम्मा वेळ घरबसल्याच संपत असे.

दोन दिवसांपूर्वीचा अहवाल निगेटिव्ह असतानाही विमानतळावर प्रवासी अडू शकत असे. याचे कारण चाचणीच्या मर्यादेत आहे. संसर्ग झाल्यानंतर विषाणूची संख्या चाचणीत सापडण्याइतकी वाढायला काही दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या नमुन्यात न दिसलेला संसर्ग दुसऱ्या नमुन्यात दिसतो. घरातल्या एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर उरलेल्यांनी पुढे जायचे की सामान घेऊन परतायचे, हा निर्णय त्या कुटुंबाला काउंटरसमोर उभे राहूनच घ्यावा लागे. दुबईने ही विमानतळावरची अट २२ फेब्रुवारी २०२२ पासून काढून टाकली.

परतीचा नियम मात्र आपल्याच देशाचा असतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, असे आम्हांला वाटते. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस थायलंडला फिरायला गेलेल्यांना याचा अनुभव आला. २९ डिसेंबरला भारत सरकारने जाहीर केले की, १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड येथून येणाऱ्यांना निघण्यापूर्वीच आरटी-पीसीआर चाचणी करून अहवाल सादर करावा लागेल. सहलीवर निघताना जी अट नव्हती, ती परतताना लागू झाली होती. फेब्रुवारीच्या मध्यात ती मागे घेण्यात आली. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आणि परतीच्या तीन-चार दिवस आधी, असे दोनदा सरकारी संकेतस्थळ पाहावे. प्रवास कंपनीने महिन्यापूर्वी पाठवलेल्या पत्रकावर विसंबू नये.

कोरोनाच्या चाचण्या गेल्या, तरी सीमेवरचे आरोग्य नियम गेलेले नाहीत. पिवळे कार्ड म्हणून ओळखली जाणारी पिवळी पुस्तिका यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या लसीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या मराठी घराने आजी-आजोबांना घेऊन केनियातले मसाई मारा अभयारण्य पाहायचे ठरवले, तर तयारीची सुरुवात या पुस्तिकेपासून करावी लागते.

केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ हे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही कडक अट समजून घेण्यासारखी आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे मुबलक आहे; डेंग्यूही तोच पसरवतो. हा आजार भारतात आजवर शिरलेला नाही आणि म्हणूनच इथल्या लोकसंख्येत त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीही नाही. डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सहा दिवस जातात, आणि विलगीकरणाची मर्यादा त्यावरूनच ठरली आहे.

लस एकदाच घ्यावी लागते. तिची निर्मिती करणारे मॅक्स थायलर यांना १९५१ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, कारण शरीरात संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पूर्वी ते दहा वर्षे चालत असे. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते, आणि त्यापूर्वी दिलेल्या प्रमाणपत्रांनाही हे लागू आहे.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती घ्यावी लागते. अनेक मात्रांची कुपी एकदा उघडली की काही तासांतच संपवावी लागत असल्यामुळे, पुरेशी माणसे जमतील असे ठरावीक वार अनेक केंद्रे ठेवतात. दहा दिवसांचा नियम आणि केंद्राचा वार यांचा मेळ घालायचा, तर तिकीट काढल्याच्या आठवड्यातच वेळ ठरवलेली बरी.

ज्येष्ठांच्या बाबतीत आग्रहाने सांगावेसे वाटते. ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे, आणि साठी ओलांडलेल्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका कमी असला, तरी तरुणांपेक्षा अधिक असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, रोगप्रतिकारशक्ती घटवणारी औषधे किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांशी बोलल्याखेरीज लस घेऊ नये. डॉक्टरांनी लस न घेण्याबद्दल पत्र दिले, तरी ते मानायचे की नाही हे सीमेवरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. सहल ठरवण्यापूर्वी आजोबांच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे हे मुलांचे कर्तव्य आहे.

पुस्तिका मिळाली की नाव आणि पासपोर्ट क्रमांक, लसीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का तिथेच तपासून घ्यावा. नैरोबीहून मुंबईमार्गे इंदूरला येणाऱ्याची ही तपासणी मुंबईतच, इमिग्रेशनच्या आधी होते, आणि तोपर्यंत मोठी बॅग हाती आलेली नसते. त्यामुळे पुस्तिका पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवावी, आणि इंदूरचे पुढचे विमान निवडताना आरोग्य तपासणीच्या रांगेचा वेळही धरावा.