पंप घेऊन दाखवा बघू

नमस्कार मंडळी, आज दम्याबद्दल बोलूया, तोही मोठ्या माणसांच्या.

माझ्या मावशीला चाळिशीनंतर दमा सुरू झाला. जरा थंडी पडली, मिरचीच्या फोडणीचा खाट उठला की छातीत सूं-सूं चालू, मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे जायचं, ते इंजेक्शन द्यायचे, दोन दिवसांच्या गोळ्या द्यायचे आणि रात्र निघायची. मी त्यांना नावं नाही ठेवत, समोर माणूस धापा टाकतंय, बाहेर पेशंटची रांग, ते आधी आजचा श्वासच बघणार ना.

छातीच्या डॉक्टरांनी मात्र स्पायरोमेट्री केली. नळीत जोर लावून फुंकायचं, नळी मोकळी करणारं औषध द्यायचं, मग थोड्या वेळाने परत फुंकायचं, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आकडा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढला की दम्याची शक्यता पक्की होत जाते. ते म्हणाले, श्वासनळीला आतून सूज आहे, नुसती नळी मोकळी करून भागणार नाही, सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप, म्हणजे इनहेलर, लागेल. स्टेरॉइड म्हटल्यावर मावशीचा चेहराच उतरला, पण पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुफ्फुसात जातो. 2019 पासून तर 'गिना'च्या, म्हणजे दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या गाइडलाइन्स सांगतायत की मोठ्यांनी नुसत्या लगेच आराम देणाऱ्या पंपावर राहू नये.

आता मेडिकलवाले. आपण तोच आराम देणारा पंप मागतो, ते देतात, विषय संपला. पण एका पंपात साधारण 200 पफ असतात, वर्षात असे तीन किंवा जास्त संपले तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो, आणि हे सगळ्यात आधी काउंटरवरच्या माणसाला दिसतं. त्याने नुसतं 'काका, परत संपला का?' एवढं विचारलं तरी खूप झालं, असं मला मनापासून वाटतं.

आणि खरा घोळ सापडला फिजिओथेरपिस्ट ताईंना. त्या म्हणाल्या, 'मावशी, पंप घेऊन दाखवा बघू.' मावशीने आधी श्वास घेतला, मग पंप दाबला, आणि पांढरा धूर तोंडातून तसाच बाहेर! सहा महिने औषध हवेत जात होतं आणि कुणी बघितलंच नव्हतं. ताईंनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला, पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबा, हळू आत ओढा, श्वास रोखून दहापर्यंत मोजा, शेवटी चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

तुमच्या घरात कुणाकडे पंप असेल तर पुढच्या व्हिजिटला पिशवीत टाकून न्या, आणि डॉक्टर, नर्स, जे कोणी असतील त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा. पण बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर व्हिजिटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.