झोप लागते का?

श्रोतेहो, नमस्कार. मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. नवा पेशंट आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रात्री झोप लागते का? जेवण जातं का?" मनाचं दुखणं तोंडाने सांगण्याआधी अंथरुणात आणि ताटात दिसतं.

नववीतला मुलगा "मला उदास वाटतं" म्हणत नाही. तो चिडतो, शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात रडू येतं नि जातं. पण दोन आठवडे उलटूनही थांबत नसेल, बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागत नसेल, तर 'नाटकं करते' म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या.

स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा आमच्याकडे होते. दिवसभर शांत. दिवेलागणीला मात्र टॉवेलात कपडे बांधून दाराशी उभे! "शेवटची एसटी चुकेल माझी." "आजोबा, आता कुठली एसटी?" म्हटलं की हात झटकायचे, ओरडायचे. एकदा मी वाद सोडून दिला. सगळे दिवे लावले, शेजारी बसले नि विचारलं, "यंदा काय पेरलंय?" आजोबा ज्वारीबद्दल बोलू लागले. हुरडा, पाखरं, गोफण... बोलता बोलता गाठोडं हातातून सुटून खाली आलं. त्या रात्री झोपेची जादा गोळी लागली नाही. केसपेपरवर याची नोंद एका ओळीची, पण आमचं निम्मं काम हेच.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. गोळी चहात, वरणात चोरून घालू नका. तुमची अगतिकता मला दिसते. पण संशयाचा आजार असलेल्या माणसाला ते कळलं, की त्याचा जेवणावरचाच विश्वास उडतो. आणि लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, चालू असेल तर मीठ एकदम तोडू नका, पाणी कमी पडू देऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या, हात जास्त थरथरू लागले, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आजाऱ्याला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

शेवटचं. "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं माणूस बोलतं होतं. "हो" म्हणालं तर एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. नंबर लिहून घ्या, एक-चार-चार-एक-सहा. पुन्हा सांगते, १४४१६.