वेल्सच्या डोंगरात आठवडाभर: आधी आभाळ बघा, मग दिवस ठरवा

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमधली बरीच मराठी कुटुंबं सुट्टीत आठवडाभर वेल्सच्या डोंगरात जातात. जाण्याआधी सोमवारी शिखर, मंगळवारी धबधबा असं वेळापत्रक आखलं जातं आणि नेमकं तिथेच बिघडतं. इथे वार पावसाच्या हातात असतात. म्हणून कामांची यादी करा, वार मोकळे ठेवा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा डोंगरावरचा हवामान अंदाज वाचा. गावचा अंदाज डोंगरावर उपयोगाचा नाही.

दक्षिण वेल्समधल्या बन्नाय ब्रखायन्योग या राष्ट्रीय उद्यानाबद्दल बोलूया. ब्रेकन बीकन्स हे त्याचं जुनं नाव. 2023पासून उद्यान स्वतःसाठी वेल्श नाव वापरतं.

सगळ्यात कोरडा आणि कमी वाऱ्याचा दिवस पेन अ व्हॅनसाठी राखून ठेवा. पाटीवर इंग्रजी ‘एफ’ दिसेल, पण वेल्शमध्ये त्याचा उच्चार ‘व’ होतो. उंची 886 मीटर, दक्षिण वेल्समधलं सर्वांत उंच शिखर. सह्याद्री चढलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि फसगत तिथूनच सुरू होते. इथे सावलीला झाड नाही, आडोशाला कातळ नाही. दर 150 मीटर चढलं की हवा साधारण एक अंशाने गार होते, वर वारा असतोच. पाँट आर दावच्या वाहनतळापासून दगड बसवलेली वाट आहे. जाताना जेमतेम साडेतीन किलोमीटर, चढ साडेचारशे मीटर. वेळेचा हिशोब सोपा आहे: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे वर पोचायला दीड तास. मुलं बरोबर असतील, तर जाऊन-येऊन चार तास धरा.

वाट चढून बुल्ख दिविंट या खिंडीत येते. नावाचा अर्थच काळ्या वाऱ्याची खिंड. जाकीट तिथे पोचल्यावर नव्हे, पन्नास पावलं आधीच चढवा. खिंडीत वाऱ्यात ते सावरता सावरत नाही. पुढे कॉर्न डी या शेजारच्या शिखराच्या कडेने पेन अ व्हॅनचा माथा गाठता येतो. पोचल्या पोचल्या, फोटोच्या आधी, होकायंत्रावर परतीची दिशा पाहून घ्या. ती नैर्ऋत्य आहे. माथा सपाट आहे, ढग उतरला की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि ईशान्येकडे सरळ कडा तुटलेला आहे. 1900च्या ऑगस्टमध्ये टॉमी जोन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा याच डोंगरात वाट चुकला. त्याचा देह 29 दिवसांनी सापडला. त्याच्या आठवणीचा दगडी स्तंभ आजही कड्यावर उभा आहे.

फोनवरच्या नकाशावर विसंबू नका, रेंज जाते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ‘ओएल 12’ हा कागदी नकाशा घ्या. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. अडचण आली, तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, मागायचं. निघण्यापूर्वी 999ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ एवढा मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवा, म्हणजे बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेजने मदत मागता येईल. शिट्टीची खूण अशी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं.

पाऊस पडून उघडीप मिळाली की दुसरा दिवस धबधब्याचा. स्गूड अर एय्रा, म्हणजे हिमाचा धबधबा, हेप्स्टे नदीवर आहे. वरचा वालुकाश्म टणक, खालचा मऊ थर पाण्याने झिजलेला. त्यामुळे धारेमागे कपार तयार झाली आहे आणि त्या कपारीतून चालत पलीकडे जाता येतं. पूर्वी मेंढ्यासुद्धा इथूनच नेत. धार समोर पडद्यासारखी कोसळते, बोललेलं ऐकू येत नाही, चष्म्यावर तुषार साचतात. दगड शेवाळलेले असतात, तेव्हा सपाट तळाच्या चपला नकोत. नदी गढूळ, फुगलेली असेल किंवा बर्फ गोठला असेल, तर कपारीत शिरू नका, काठावरूनच बघा.

परतल्यावर पाय तपासा, विशेषतः गुडघ्यामागे. नेच्यातून चालताना गोचीड चिकटते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा; तेल लावू नका, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला, तर डॉक्टरांना दाखवा.

दिवसभर झड लागली, तर वेल्श केक करा. त्याला ओव्हन लागत नाही, आपला तवा पुरतो. सव्वादोनशे ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैद्यात शंभर ग्रॅम गार लोणी शंकरपाळ्याच्या मोहनासारखं बोटांनी चोळा. पाऊणशे ग्रॅम साखर, मूठभर काळ्या मनुका, चिमूटभर जायफळ आणि एक अंडं घाला. दूध लागलंच, तर चमचाभर. जास्त झालं किंवा पीठ मळत बसलात, तर केक चिवट होतो. पाऊण सेंटिमीटर जाडीचं लाटून वाटीने गोल कापा. आच मंद ठेवा, दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. तवा फार तापलेला असला, तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

रात्र निरभ्र मिळाली, तर झोपू नका. हे उद्यान 2013पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेला प्रदेश, आहे. मात्र जूनमध्ये इथे पूर्ण अंधार होतच नाही. ऑगस्टच्या 12-13 तारखेला, अमावस्या जवळ असेल तर फारच उत्तम, पर्सिड उल्का दिसतात; मध्यरात्रीनंतर जास्त. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि फोनचा एक उजेड तो अर्धा तास वाया घालवतो. टॉर्चला लाल कागद बांधा. आणि अंथरायला चादर नको, जाड सतरंजी घ्या. भर उन्हाळ्यातही रात्री गवत दवाने ओलं होतं.