बेत उतरणीचा आखा

नमस्कार मंडळी. परीक्षा संपल्या आहेत आणि घराघरांत "आम्हाला किल्ल्यावर न्या" हा धोशा सुरू झाला असेल. जरूर न्या. आपल्या नाशिक शहराला लागूनच पांडवलेणी, जवळच रामशेज, त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी. असं भाग्य किती गावांना लाभतं? फक्त एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा पाच-सात वर्षांच्या मुलांना नेताना माझा एक आग्रह आहे. बेत चढणीचा नको, उतरणीचा आखा.

सहाला चढायला लागलं की वारा गार असतो, पोरं पुढे धावतात. वर टाकी बघायची, फोटो काढायचे, डबा खायचा. निघेपर्यंत दहा वाजतात. आता ऊन डोक्यावर, बाटल्या रिकाम्या, पाय दमलेले आणि काळा कातळ खालून भाजतो. मूल जमिनीच्या जवळ असतं, ती धग त्याला आपल्याहून जास्त लागते. त्याला घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि वजनाच्या मानाने त्वचा जास्त असल्यामुळे बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते. म्हणून साडेनऊपर्यंत पायथ्याशी परत. माथा राहिला तर राहू द्या.

रामशेज यासाठी मला फार आवडतो. चढ बेताचा आहे, वाटेत रामाचं गुहेतलं मंदिर आहे, तिथे सावलीत बसून मुलांना सांगा की संभाजी महाराजांच्या काळात या छोट्या किल्ल्याने मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. कुणी दमलं असेल तर तिथूनच माघारी फिरा. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्यांवर मात्र लहान मुलं नकोत, या दिवसांत तर नकोतच. तान्ह्या बाळाला पाठीवर बांधूनही नेऊ नका. तुमच्या पाठीची ऊब त्याला लागते आणि त्याला सांगता येत नाही.

सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी. अत्तर नको, आरडाओरडा नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

पाणी तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्या. निम्मं पाणी उतरणीसाठी बाजूलाच ठेवा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात अख्खी घालायची असते. छोट्या बाटलीत सगळी ओतली तर द्रावण फार खारट होतं आणि ते मुलाला बाधतं.

सगळ्यात जास्त लक्ष ठेवा ते गप्प झालेल्या मुलाकडे. मघापासून बडबडणारी पोर एकदम मुकी झाली, "उचलून घे" म्हणू लागली, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाली, की तिला हट्टी ठरवू नका. सावलीत बसवा, बूट काढा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवा, घोट घोट पाणी द्या. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे चढायचं नाही.

मूल असंबद्ध बोलू लागलं, हाकेला ओ देईना किंवा झटका आला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन करा. डोंगरावर सगळीकडे रेंज नसते. म्हणून गाडी लावतानाच पायथ्याच्या गावात कुणाला तरी आपला नंबर द्या आणि किती वाजता उतरणार तेही सांगून ठेवा.