शेवळांबरोबर काकडं

श्रोतेहो, नमस्कार. मृगाच्या सरी पडल्या की दादर, बोरिवली, ठाणे स्टेशनांबाहेर हिरव्या जुड्या दिसू लागतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, कोरळ आणि पुढे कंटोली. कुणी पेरलेली नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, पावसानं आणलेली ही रानभाजी. फोडशीच्याच गोतातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव ठाऊक आहे? क्लोरोफायटम बोरिविलियानम. आपल्या बोरिवलीवरून पडलेलं! मला याचा फार अभिमान वाटतो.

पण आज सांगायचंय ते शेवळांबद्दल, म्हणजे सुरणाच्या गोतातल्या एका रानकंदाच्या भाजीबद्दल. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात बोरिवली स्टेशनबाहेर जव्हारकडची एक वारली मावशी शेवळं घेऊन बसली होती. शेजारी हिरव्या काकडांचा, म्हणजे काकड झाडाच्या आंबट फळांचा, छोटा ढीग. मी म्हटलं, "मावशी, दोन जुड्या द्या, काकडं नकोत. घरी चिंच आहे."

तिनं जुडी परत टोपलीत ठेवली. "काकडं नाय घेतली तर शेवळं देनार नाय मी."

मला वाटलं, गिऱ्हाईकाच्या गळ्यात काकडं मारतेय. तर ती म्हणाली, "पैसं नको देऊ काकडांचं. घरात पोरं हायेत ना? घसा धरला तर बोल मला लागंल."

मुठीनं काकडं तिनंच पिशवीत टाकली. मग शेवळाचं वरचं आवरण काढून दाखवलं, आतला पिवळा भाग टाकायला सांगितला, काकडांचा रस कसा घालायचा तेही सांगितलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तिला घाई नव्हती.

निघताना विचारलं, एवढी शेवळं रोज कुठून मिळतात? म्हणाली, "समदी नाय काढत. एका जागी दोन-चार ठेवायची. कंदाला तर हातच नाय लावायचा. पुढल्या साली काय आनू मग?"

पुन्हा सांगते: दोन-चार ठेवायची, आणि कंदाला हात लावायचा नाही. शेवळं म्हणजे त्या झाडाचा फुलोराच. सगळा खुडला तर बी धरणार कशावर? कंद जमिनीत राहिला तर पावसात पान येतं, आणि पुढच्या फुलोऱ्याची शिदोरी ते पानच साठवतं. घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. त्यावर आंबट हवंच.

जाता जाता सांगते, या बायांच्या डोक्यावर भर पावसात साधं छप्परही नसतं. पावसाळ्याचे चार महिने तरी त्यांना हक्काचा आडोसा मिळायला हवा, हे माझं ठाम मत आहे. आणि त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये, हेही.

टाकळा कोवळा असतानाच घ्या, फुलावर आला की चव जाते. अनोळखी पाला स्वतः खुडू नका. राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच तोडायचं नाही, कायद्यानं मनाई आहे. भाजी घ्या ती या बायांकडून, आणि निवडायची कशी ते त्यांनाच विचारा.

त्या रात्री आमच्याकडे शेवळं झाली, सोललेले वाल घालून. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "काकडं कुणी दिली?" पुढच्या जूनमध्ये त्यांनाही घेऊन गेले. मावशीनं आधी काकडं मोजली, मग शेवळांची जुडी उचलली.